खल, भट्टी आणि कुलगुरूंची खुर्ची

पेणला गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्या मुलाला घनपदार्थ म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. आमच्या पडवीत प्लास्टरची पोती असत. वडील घमेल्यात पाणी घेऊन त्यात ती पूड भुरभुरवत, हाताने ढवळत आणि साच्यात ओतत. थोड्या वेळाने साच्याला हात लावला की तो गरम लागे. चूल नाही, ऊन नाही, मग ही ऊब कुठली? वडील म्हणत, "प्लास्टर उठतंय." याहून जास्त स्पष्टीकरण त्यांच्याकडे नव्हते आणि त्यांचे त्यावाचून अडतही नव्हते.

ते कळायला मला बी.एस्सी.चे दुसरे वर्ष उजाडले. जिप्सम नावाचा खडक साधारण दीडशे अंशांवर भाजला की त्यातले तीन चतुर्थांश पाणी उडून जाते आणि पूड उरते. ती पूड पुन्हा पाण्यात पडली की गेलेले पाणी परत घेते, सुईसारखे बारीक स्फटिक एकमेकांत गुंततात आणि त्या गुंतण्यातून उष्णता बाहेर पडते. गणपतीचा हात, सोंड, मुकुट, सारे त्या सुयांच्या गुंत्यावर उभे असते. त्या दिवसापासून मला घनपदार्थांचे वेड लागले. पुढे मुंबईत एम.एस्सी.चे एक वर्ष काढले, वडील आजारी पडले म्हणून परत आलो आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायला लागलो. पेण, कासू, नागोठणे, रोहे या गाडीने तीस वर्षे येजा केली. माझे जे काही वाचन झाले ते या गाडीत. मी कुठल्याही विद्यापीठाचा संशोधक नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

त्या वाचनात एक गोष्ट मला फार वर्षे खुपत होती. आपल्याकडे एखाद्या माणसाने प्रयोगशाळेत नाव काढले, की त्याला उचलून विभागप्रमुख, संचालक, कुलगुरू असे वरवर चढवत नेतात. लोक हार घालतात. मला वाटायचे, एक चांगला संशोधक गेला आणि एक सही करणारा अधिकारी मिळाला. हे माझे मत बदलले, पण पूर्णपणे नाही. कसे बदलले, ते सांगण्यासाठी हा लेख.

फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना एकदा ‘मॉसबॉअर इफेक्ट अँड इट्स ॲप्लिकेशन्स’ हे १९७३ साली दिल्लीत छापलेले पुस्तक हाती लागले. लेखक व्ही. जी. भिडे. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून हे नाव मी ऐकले होते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते त्या खुर्चीवर होते. पण त्या नावाचा माणूस अणुगर्भाच्या कंपनांवर पुस्तक लिहून गेलेला आहे, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या ओळखीतल्या पुण्याच्या चार सुशिक्षित माणसांनाही ते ठाऊक नव्हते. पद लक्षात राहिले, काम विसरले गेले.

ते काम काय होते, हे थोडे सावकाश सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे.

धरमतरच्या खाडीत होडीत उभे राहून बंदूक झाडली, तर होडी मागे सरकते. अणूच्या गर्भातून गॅमा किरण सुटतो तेव्हाही तसेच होते. गर्भ मागे ढकलला जातो, किरणाची थोडी ऊर्जा त्या धक्क्यात खर्च होते आणि तो किरण दुसऱ्या तशाच गर्भाला शोषता येत नाही. १९५७-५८ साली रुडॉल्फ मॉसबॉअर या तरुण जर्मन संशोधकाच्या ध्यानात आले, की गर्भ जर घन स्फटिकात घट्ट बसलेला असेल, तर काही वेळा तो एकटा मागे जात नाही. तो धक्का सारा स्फटिक मिळून सोसतो. होडी वाळूत रुतवून ठेवावी तसे. मग किरणाची ऊर्जा जशीच्या तशी राहते आणि समोरचा गर्भ तिला टिपतो. १९६१ साली मॉसबॉअरला या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. याचा उपयोग असा की, लोखंडाचा एक विशिष्ट प्रकारचा अणू, ज्याला लोह-५७ म्हणतात, तो कुठल्याही घनपदार्थात हेर म्हणून बसवता येतो. शेजारचे अणू त्याला कसे वागवतात, तिथे चुंबकत्व आहे का, विजेचे क्षेत्र वाकडे आहे का, ते सारे तो सांगतो. त्यासाठी किरणांचा उगम पुढेमागे हलवायचा असतो आणि त्याची गती असते सेकंदाला काही मिलिमीटर. मुंगी चालावी तितकी. एवढ्या संथ हालचालीतून अणुगर्भाचे गुपित बाहेर येते, ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा नागोठण्याला उतरायचे राहून मी रोह्यापर्यंत गेलो होतो. (काम नागोठण्याला होते, सुट्टीचा दिवस होता, बिघडले काही नाही.)

मॉसबॉअरला नोबेल मिळाल्यानंतर चारच वर्षांनी, १९६५ साली, ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकात भिडे आणि एम. एस. मुलतानी यांचा निबंध आला. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे काळा घोड्याजवळच्या त्या दगडी इमारतीत झालेले हे काम. बेरियम टायटनेट या पदार्थात लोह-५७ बसवून त्यांनी ही मापने केली होती. बेरियम टायटनेट साधारण १२० अंशांखाली आपोआप विद्युत्ध्रुव धारण करतो, त्या तापमानावर गेला की ते सोडून देतो. विजेच्या उपकरणांतल्या छोट्या संधारित्रांत, म्हणजे आपण ज्यांना कपॅसिटर म्हणतो त्यांत, तो आजही असतो.

पुढे भिडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत गेले. तिथल्या काळातला १९७२ सालचा निबंध माझ्या मते त्यांचा सर्वांत सुंदर. विषय लँथॅनम कोबाल्टाइट. कोबाल्ट, लँथॅनम आणि प्राणवायू यांचा हा काळा चुरा थंड असताना चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही आणि तापवत गेले की त्यातले कोबाल्टचे अणू एकेक करून आपली इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलतात. आधी जोडीने बसलेले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि आणखी तापवले की सारा पदार्थ धातूसारखी वीज वाहू लागतो. भिडे, डी. एस. राजोरिया, जी. रामा राव आणि सी. एन. आर. राव या चौघांनी पदार्थातच किरणोत्सारी कोबाल्ट-५७ मिसळले. तो क्षय पावून लोह-५७ होतो, म्हणजे हेर बाहेरून पाठवायची गरजच नाही, घरातलाच माणूस फितूर करायचा. या पदार्थात नेमके काय घडते, यावर नंतर वाद झाले. १९९६ साली मधल्या एका अवस्थेची कल्पना पुढे आली आणि तो वाद अजूनही मिटलेला नाही. पण वादाची सुरुवात सांगताना आजचे संशोधक १९७२च्या त्या निबंधाकडे जातातच.

त्या चार नावांपैकी शेवटचे नाव वाचकांच्या ओळखीचे असेल. सी. एन. आर. राव तेव्हा कानपूरच्या आय.आय.टी.त होते. १९७६ साली ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेले, तिथे त्यांनी घनस्थिती रसायनाचा विभाग उभा केला, १९८४ ते १९९४ ते त्या संस्थेचे संचालक होते आणि २०१४ साली सचिन तेंडुलकरबरोबर त्यांना भारतरत्न मिळाले. म्हणजे एका काळ्या चुऱ्यावर एकत्र काम केलेल्यांपैकी एकजण पुढे पुण्याचा कुलगुरू झाला आणि एकजण देशातल्या सर्वांत नामांकित विज्ञानसंस्थेचा संचालक. मला हा योगायोग वाटत नाही.

इथे एक शब्दाची गंमत सांगायला हवी. मराठीत जुन्या पाठ्यपुस्तकांत भौतिकशास्त्रालाच ‘पदार्थविज्ञान’ म्हणत. त्यामुळे इंग्रजीत ज्याला मटेरियल्स सायन्स म्हणतात, त्याला वेगळे नाव द्यायची वेळ आली तेव्हा मराठीकडे शब्दच उरला नाही. स्वयंपाकघरात मात्र पदार्थ म्हणजे खायचा जिन्नस. आणि खरे सांगायचे तर घनस्थितीतले संशोधन स्वयंपाकघराच्या फार जवळ आहे. दोन-तीन ऑक्साइडे तोलून घ्या, खलात तासन्तास घोटा, मुशीत घालून भट्टीत भाजा, पुन्हा घोटा, पुन्हा भाजा, गोळी दाबा. चुंबकीय फेराइट असेच होतात. अलीकडे तर नायट्रेट आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून, शेगडीवर आटवून, पेटवून दिले तरी फुलासारखी हलकी राख मिळते आणि तीच फेराइट असते. एवढे सामान तालुक्याच्या महाविद्यालयातही जमते. महाराष्ट्रात कोल्हापूर, औरंगाबाद आणि त्यांच्या आसपासच्या लहानलहान गावांत फेराइटवर इतके प्रबंध का झाले, याचे उत्तर या खलात आणि भट्टीत आहे.

पण पदार्थ झाला, तो पाहायचा कसा? नेमका कोणता स्फटिक तयार झाला हे कळायला क्ष-किरण यंत्र लागते. चुंबकत्व मोजायला दुसरे, द्रव हेलियमच्या थंडीत मोजायचे तर आणखी वेगळे. मॉसबॉअरच्या मापनासाठी किरणोत्सारी कोबाल्ट लागतो, तो नऊ महिन्यांत निम्मा होतो, म्हणजे दर काही वर्षांनी नवा घ्यायचा. घनस्थितीच्या विज्ञानात पदार्थ करणे स्वस्त आणि पाहणे महाग आहे. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याला निदान हे ठाऊक असते की दुर्बीण आपल्याला परवडणार नाही. इथे मात्र पदार्थ हातात असतो, आपण तो स्वतः केलेला असतो, आणि त्याच्याविषयी एक ओळ लिहायची सोय नसते. या विषयातला माणूस म्हणून फार लवकर मागायला, वाटून घ्यायला, दुसऱ्याच्या गावात नमुना पाठवायला शिकतो. १९७२च्या त्या निबंधात पदार्थाचे रसायन एकाचे, मापन दुसऱ्याचे, ते उगाच नाही. यंत्रे कोणाची, ती कोणाला वापरू द्यायची, पैसा कुठून येणार, हे प्रश्न या माणसांना प्रशासनात गेल्यावर प्रथम भेटले नाहीत. ते त्यांच्या संशोधनातच रोज समोर होते.

आता रोह्याकडे वळतो, कारण या गोष्टीचे एक टोक तिथे आहे. चिंतामणराव देशमुख आम्हाला रायगडकरांना रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी अर्थमंत्रिपद सोडणारे म्हणून माहीत. जन्म १८९६चा, रायगडच्या पायथ्याजवळ नाते गावी, घराणे रोह्याचे. १९१२च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, ती संस्कृतची. त्यामुळे त्यांना आपण संस्कृतचे पंडित समजतो. पण केंब्रिजला ते गेले ते निसर्गविज्ञान शिकायला. वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय, आणि वनस्पतिशास्त्रात त्यांनी तिथे पारितोषिक मिळवले. १९५६ साली मंत्रिपद सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, त्याच वर्षी आयोगाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, आणि १९६१पर्यंत ते तिथे होते. नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांच्यानंतर आयोगावर आले डी. एस. कोठारी, ते पदार्थविज्ञानाचे. रोह्याच्या महाविद्यालयाला चिंतामणरावांचे नाव आहे. धाटावहून परतताना कित्येकदा मी ती पाटी पाहिली आहे.

या आयोगाचा माझ्या गोष्टीशी संबंध असा: १९८४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन आयोगाला विद्यापीठांसाठी सामायिक केंद्रे स्वतः काढता येऊ लागली. त्यातूनच पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली खगोलशास्त्राचे आयुका उभे राहिले. ते सर्वांना माहीत आहे, कारण तिथे जयंत नारळीकर होते. इंदूरला त्याच सुमारास अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने दुसरे केंद्र झाले, ते मराठी वाचकाला जवळजवळ अज्ञात आहे. तिथे क्ष-किरण यंत्रे आहेत, द्रव हेलियम आहे, मॉसबॉअरची मापने होतात, आणि कुठल्याही विद्यापीठाच्या, महाविद्यालयाच्या शिक्षकाने अर्ज केला, समितीला तो पटला, की नमुना घेऊन जायचे आणि मोजून आणायचा. एखाद्या गावात एकच दळणाची गिरणी असावी आणि सर्वांनी आपापले धान्य घेऊन जावे, तसे.

पुण्याच्या विद्यापीठात याच काळात विज्ञानाची माणसे खुर्चीवर येत राहिली. भिड्यांच्या आधी राम ताकवले, तेही भौतिकशास्त्राचे, ज्यांनी पुढे नाशिकचे मुक्त विद्यापीठ उभे केले. १९९५ ते १९९८ वसंत गोवारीकर, अग्निबाणाच्या घन इंधनाचे तज्ज्ञ. त्यांच्यानंतर १९९८ ते २००० अरुण निगवेकर. आज त्या खुर्चीवर असलेले सुरेश गोसावी हेही भौतिकशास्त्राचेच प्राध्यापक.

निगवेकरांजवळ थोडे थांबायला हवे. त्याच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले हे प्राध्यापक १९९४ साली बंगळुरूला स्थापन झालेल्या नॅकचे, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचे, संस्थापक संचालक होते, आणि २००२ ते २००५ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. म्हणजे चिंतामणराव ज्या खुर्चीवर बसले, तिथेच. २०२१च्या एप्रिलमध्ये ते गेले. नॅकची कल्पना मला एका मापन करणाऱ्या माणसाची वाटते: देशभर हजारो महाविद्यालये आहेत, ती कशी आहेत हे कोणालाच ठाऊक नाही, तर मग जाऊन पाहा, मोजा, लिहून ठेवा. आरंभी तारे देत, मग अक्षरे आली, मग दशांश आले. पण भौतिकशास्त्राच्या माणसाला हेही ठाऊक असते की मोजायला गेले की मोजली जाणारी वस्तू हलते. नॅकची समिती येणार म्हटल्यावर भिंती रंगतात, फायलींना लेबले लागतात, ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ झटकली जाते. मी असे एक महाविद्यालय पाहिले आहे, जिथे समितीसाठी प्रयोगशाळा लावून ठेवली होती आणि समिती गेल्यावर कुलूप. नाव सांगत नाही. हा दोष निगवेकरांचा म्हणता येणार नाही. पण ज्याने तराजू बनवला, त्याच्या कारकिर्दीचा विचार करताना बाजार तराजूशी कसा वागला हेही पाहावे लागते.

माझे मत बदलले ते मात्र पुस्तकातून नव्हे. आमच्याच जिल्ह्यातल्या एका लहान महाविद्यालयात माझा एक वर्गमित्र शिकवत असे. एम.एस्सी. पुरी करून आलेला, माझ्यासारखा अर्ध्यावरून परतलेला नव्हे. त्याच्याकडे एक भट्टी होती, एक अगेटचा खल होता आणि एक तराजू. रविवारी मी त्याच्याकडे जाई आणि आम्ही निकेल-झिंक फेराइट करत असू. वर्षानुवर्षे डब्या भरत होत्या. डब्यांत नेमके काय आहे ते आम्हाला ठाऊक नव्हते. तो म्हणायचा, "आपण आंधळ्यांनी रांगोळी काढतोय." मग एकदा त्याने इंदूरला अर्ज केला. अर्ज मंजूर झाला तेव्हा त्याचा विश्वास बसेना. अठरा नमुने कागदाच्या पुड्यांत बांधून, बिस्किटांच्या डब्यात घालून तो रेल्वेने गेला. आठवड्याने आला तो कागदाची गुंडाळी घेऊन.

पेण स्टेशनवर बाकावर बसून त्याने ती उलगडली. भट्टीत जास्त भाजलेल्या नमुन्यांच्या आलेखात सहा दऱ्या होत्या, चुंबकत्व असलेल्या लोहाची खूण. शेगडीवर पेटवून केलेल्या, भाजायचे राहून गेलेल्या नमुन्यांत दोनच. कण इतके बारीक, की त्यांचे चुंबकत्व एका जागी ठरतच नव्हते. जे पुस्तकात वाचले होते ते आमच्या बिस्किटांच्या डब्यात निघाले. गाडी आली आणि गेली, आम्ही बसूनच राहिलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, की कोणीतरी कधीतरी प्रयोगशाळेतून उठून दिल्लीच्या बैठकांना गेला, फायलींवर टिपणे लिहिली, पैसा भांडून आणला, म्हणून हा कागद इथे पोचला. त्या माणसाचे त्या वर्षीचे दोन निबंध कमी झाले असतील. आमचा एक झाला. या हिशेबात नफा किती आणि तोटा किती, ते मला अजून नीट मांडता आलेले नाही. भिड्यांनी १९७२च्या त्या काळ्या चुऱ्यावर आणखी वीस वर्षे काढली असती, तर काय हाती लागले असते, हा प्रश्नही डोक्यातून जात नाही.

मित्र पुढे प्राचार्य झाला. हार मीही घातला. आता त्याच्या टेबलावर नॅकच्या फायली असतात, संध्याकाळी सातपर्यंत सह्या चालतात, आणि भट्टी सहा वर्षे थंड होती. गेल्या गणपतीनंतर त्याने फोन केला. हमरापूरकडच्या एका कारखानदाराची मुलगी एम.एस्सी. करून आली आहे, तासिका तत्त्वावर शिकवते, तिला भट्टी चालू करायची आहे, पण तापमान कुठवर चढवायचे ते सांगायला कोणी नाही; रविवारी येशील का? गेलो. भट्टीची तार गेली होती, ती बदलली. खल मात्र तसाच होता, काळ्या डागासकट. मुलीने ऑक्साइडे तोलली आणि घोटायला बसली. तिचा हात चांगला आहे. प्लास्टर ढवळलेला हात लगेच ओळखू येतो. इंदूरच्या अर्जाची मुदत जानेवारीत आहे. प्राचार्यांनी शिफारशीच्या पत्रावर सही करून ठेवली आहे.